दोन थाऊ

आठवडाभर मी विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्यात क्वालिटीत असतो. उन्हाळ्यात शनिवारी रात्री मात्र मोटार शर्यतींच्या पाव मैलाच्या डांबरी ट्रॅकवर टेक इन्स्पेक्टर, म्हणजे गाड्या नियमात बसतात का ते तपासणारा. मानधन पेट्रोलपुरतं, शिव्या भरपूर.

बाहेरच्यांना वाटतं, आम्ही गाड्या सुरक्षित आहेत की नाही ते बघतो. तेही बघतो. पण बराचसा वेळ खर्च आटोक्यात ठेवण्यात जातो. नियम मोकळे सोडले तर ज्याचा खिसा मोठा तोच जिंकेल आणि बाकीचे दोन मोसमांत घरी बसतील. म्हणून शेव्हरोलेचं ६०२ सीलबंद इंजिन चालतं, टायर एकाच मेकचे, आणि स्ट्रीट स्टॉक या, रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या वर्गात सगळ्यांना होली कंपनीचा एकच ४४१२ कार्ब्युरेटर. दोन घशांचा (घसा म्हणजे हवा आत जायची वाट), ५०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ५०० घनफूट हवा, पेटीतून निघाला तसाच लावायचा.

त्या रात्री जिंकला तो पोरगा वडिलांबरोबर स्वतःच गाडी बांधतो. १९७८ ते ८८ मधल्या मॉन्टे कार्लोची जुनी चासी. तिचे भाग आता भंगारात मिळत नाहीत, मिळाले तर सोन्याच्या भावात. 'कारखान्याचाच भाग हवा' हा नियम स्वस्ताईसाठी केला होता, हे आठवलं की हसू येतं.

कार्ब्युरेटर उतरवला. व्हेंच्युरी, म्हणजे घशाचा अरुंद भाग, १.३७५ इंच हवी. दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, मुभा धरून आमचा नो-गो गेज १.३७७ चा; तो आत जाता कामा नये. डाव्या घशात अडला. उजव्यात आपल्या वजनानं सुळकन खाली गेला.

हेड इन्स्पेक्टर लगेच फॉर्म भरायला बसला. मी म्हटलं, थांबा. इंजिन बंद केलं की उष्णता वर चढते, आणि जस्ताच्या मिश्रधातूची ही बॉडी चाळीस अंश सेल्सिअसनं तापली तर एवढ्या व्यासाला दीड थाऊ फुगते. गरम जॉबला थंड गेज लावायचा नाही, हे भोसरीत पहिल्याच आठवड्यात एका फोरमननं माझ्या डोक्यात टपली मारून शिकवलं होतं. इथे तीस वर्षं टेक करणाऱ्याला ते पटवायला मला दहा मिनिटं लागली. अर्धा तास पंख्यापुढे ठेवला. पोरगा टायरवर बसून होता, वडील येरझाऱ्या घालत होते.

गेज पुन्हा खाली गेला.

बाद. बक्षीस दुसऱ्या नंबराला. त्याच्याकडे दर आठवड्याला नवे टायर, नियमात बसणारे पण महागडे शॉक्स, आणि माझ्या घराएवढा ट्रेलर. त्याच्या गाडीत खोट काढायला जागा नव्हती.

वडील एवढंच म्हणाले, "जुना घेतलाय. काल रात्री हाच लावून जिंकलो, तिथे कुणी उघडूनही बघितला नाही." खरं होतं. शुक्रवारच्या शेजारच्या ट्रॅकवर गेजच लावत नाहीत. तिथे वजनाचा नियमही वेगळा, म्हणून हे लोक दर शनिवारी सकाळी शिशाची वजनं काढतात-लावतात.

कार्ब्युरेटर जप्त झाला. रविवारी मी तो कारखान्यात नेऊन तीन-पॉइंट मायक्रोमीटरनं मोजला. उजवा १.३७८, डावा १.३७६. लबाडी करणारा एकच घसा कशाला घासेल? कुणीतरी कधीतरी एमरी पेपरनं मळ काढला असेल. क्षेत्रफळाचा हिशोब केला, तर ५०० सीएफएममध्ये फार तर दीडाचा फरक. एवढ्यानं शर्यत जिंकता येत नाही. पण पुढच्या शनिवारी कुणी पाच थाऊ घेऊन आला तर त्याला काय सांगणार होतो?

ट्रॅक चालवणाऱ्या प्रमोटरला म्हटलं, दोन्ही ट्रॅकनी एकच गेज, एकच नियमपुस्तक ठेवा. तो म्हणाला, "चालेल की, त्यांनी आपलं घ्यावं." तिकडचाही हेच म्हणतो.

त्या शनिवारनंतर तो पोरगा आमच्याकडे आलेला नाही. शुक्रवारी तिकडे पळतो म्हणे. त्याचा कार्ब्युरेटर माझ्या कपाटात आहे.