तुम्ही विचारलंत म्हणून: ते फूल तिथे मुद्दाम आहे का?

चित्र कसं बघावं, यावर मी ठिकठिकाणी बोलते. व्हिक्टोरियन काळातल्या इंग्लिश चित्रांची पाळी आली की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, इतकंच. 'मॅडम, हे फूल म्हणजे निष्ठा, ते फूल म्हणजे मरण, असं तुम्ही सांगता. पण चित्रकाराच्या मनात खरंच एवढं होतं का? की त्यानं समोर दिसलं ते काढलं आणि अर्थ तुम्ही लोकांनी मागाहून चिकटवले?'

तोवर वेळ संपलेली असते, मागे खुर्च्या सरकायला लागलेल्या असतात, आणि दोन वाक्यांत काहीतरी सांगून मला थांबावं लागतं. ते मनाला लागून राहतं, कारण प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून एकदा सावकाश सांगते.

एकच चित्र धरू. जॉन एव्हरेट मिलेचं 'ओफिलिया'. लंडनच्या टेट ब्रिटन या कलादालनात आहे, साधारण 76 सेंटिमीटर उंच आणि 112 सेंटिमीटर रुंद. प्रसंग 'हॅम्लेट'मधला, म्हणजे आगरकरांनी 'विकारविलसित' या नावानं मराठीत आणलं त्या नाटकातला. हॅम्लेटच्या हातून ओफिलियाचे वडील मारले गेले आणि तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. ओढ्यावर झुकलेल्या विलोच्या फांदीवर फुलांचे हार अडकवायला ती चढली, फांदी मोडली, ती पाण्यात पडली आणि गाणी म्हणत वाहत राहिली. रंगमंचावर हे घडताना दिसत नाही, राणी येऊन सांगते. मिलेनं ते सांगणं चितारलं.

आणि चितारलं कसं? 1851 च्या उन्हाळ्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो लंडनबाहेर सरे परगण्यात हॉग्समिल नावाच्या लहानशा नदीच्या काठी जाऊन बसला. आठवड्यातले सहा दिवस, दिवसाचे अकरा-अकरा तास, जवळजवळ पाच महिने. ओफिलिया तेव्हा चित्रात नव्हतीच. तिच्यापुरती जागा मोकळी ठेवून आधी काठ रंगवला. पत्रांतून तो तक्रारी करतो: माश्या फोडून खातात, वाऱ्यानं पाण्यात उडून पडायची भीती आहे, गवत तुडवलं म्हणून कोर्टात खेचायची धमकी आली आहे, त्याच शेतात बैल सोडणार म्हणतात. नोव्हेंबरात थंडी आली तेव्हा त्याच्यासाठी गवतानं शाकारलेला आडोसा उभा केला. आपल्याकडे राखणदाराची खोप असते तसा. त्यात बसून तो रंगवत राहिला.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या खोपीत सापडतं. ज्याला फूल नुसती खूण म्हणून हवं आहे, तो पाच महिने माश्यांचे चावे सोसत नाही. खूण घरात बसूनही काढता येते. मिलेला ते पान तसंच हवं होतं, त्याच्यावरचा किडीचा डाग, वाकलेला देठ, सगळ्यासकट.

आता उरलेलं अर्धं.

राणीच्या तोंडी शेक्सपिअरनं हारातली चारच फुलं घातली आहेत. त्यातली नेटल म्हणजे अंगाला लागली की आग उठवणारी वनस्पती. आपली खाजकुइली आठवा, कूळ वेगळं पण त्रास तसाच. ती चित्रात विलोच्या आसपास उगवलेली आहे, तिचा अर्थ वेदना. खुद्द विलो, ज्याच्या एका जातीच्या लाकडाच्या क्रिकेटच्या बॅटी होतात, तो इंग्रजी परंपरेत टाकून दिलेल्या प्रेमाचा वृक्ष. डेझी म्हणजे निष्पाप मन. इथवर अर्थ नाटकातून आणि लोकपरंपरेतून आलेले आहेत, कुणी चिकटवलेले नाहीत.

चौथ्या फुलापाशी मी नेहमी थांबते. शेक्सपिअर नुसतं 'लांब जांभळी' म्हणतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याला एक रानऑर्किड म्हणायचं होतं. मिलेनं काय केलं? उजव्या कोपऱ्यात वर जांभळ्या तुऱ्यांची लूजस्ट्राइफ काढली, जी पावलं ओली राहतील अशा जागी, नदीकाठीच वाढते. फूल चुकलं असेल, पण ही चूक मला कुठल्याही पुराव्यापेक्षा मोलाची वाटते. नाटकाचे शब्द मनात घेऊन तो काठ धुंडाळत होता, 'लांब जांभळं' कोणतं म्हणून शोधत होता, आणि समोर जे उभं होतं त्याच्यावर त्याची नजर ठरली. मुद्दाम आणि समोर दिसलं म्हणून, दोन्ही एकाच वेळी.

आणखी एक फूल जवळून बघा. ओफिलियाच्या गळ्यात व्हायोलेटची माळ आहे. छापील प्रतीत ती पटकन लक्षातही येत नाही. मूळ चित्रासमोर उभी राहिले तेव्हा मी आधी तिचे उघडे ओठ बघितले, मग वर वळलेले तळवे, आणि कितीतरी वेळानं ती माळ. व्हायोलेट म्हणजे निष्ठा, आणि अकाली मरणसुद्धा. पण कोशातल्या अर्थापेक्षा मोठी गोष्ट नाटकात आहे. आधीच्या प्रवेशात ओफिलिया दरबारात फुलं वाटते आणि म्हणते, तुम्हाला व्हायोलेट दिली असती, पण माझे वडील गेले तेव्हा ती सगळी सुकली. सुकली म्हणून जी तिला कुणाला देता आली नाहीत, ती मिलेनं तिच्या गळ्यात घातली. इथे मला कुठलाही कोश लागत नाही.

कोशांबद्दल एक सांगून टाकते. त्या काळात इंग्लंडात 'फुलांची भाषा' सांगणारी पुस्तकं भरपूर खपत होती, आणि एकाच फुलाचे अर्थ दोन पुस्तकांत दोन निघत. म्हणून 'अमुक फूल म्हणजे तमुक' अशी यादी घेऊन चित्रासमोर जाऊ नका. यादी हातात असली की डोळा काम करायचा थांबतो.

आता लाल पॉपी. खसखशीच्या कुळातलं हे फूल, झोपेचं आणि मरणाचं. हारातल्या चार फुलांत ते नाही, मिलेनं स्वतः घातलं. मुद्दामच. पण इथे आपणही सावध राहायला हवं. ओफिलियासाठी एलिझाबेथ सिडल ही तरुणी बसली होती. खरं तर निजली होती, लंडनमधल्या गॉवर स्ट्रीटवरच्या घरात, पाण्यानं भरलेल्या टबात, जरीकाम केलेला जुना पोशाख घालून. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे ठेवले होते. एकदा ते विझले, ती काही बोलली नाही, आणि नंतर चांगलीच आजारी पडली. तिच्या वडिलांनी डॉक्टरच्या खर्चाचे 50 पौंड मागितले. पुढे 1862 मध्ये ती गेली, लॉडेनमचा, म्हणजे अफूच्या अर्काचा, डोस जास्त झाल्यानं. हे सांगितलं की सभागृह स्तब्ध होतं आणि सगळ्यांच्या नजरा त्या लाल फुलाकडे जातात. माझीही जाते. पण तो अर्थ 1852 च्या चित्रात नव्हता. तो आयुष्यानं घातला, आणि आपण तिथे वाचतो. तसंच उजवीकडच्या पानांच्या छायाप्रकाशात काही जणांना कवटी दिसते. मी पुष्कळदा बघितलं, मला पटलेलं नाही. म्हणजे तुमची शंका अगदीच निराधार नाही. चिकटवलेले अर्थही असतात.

पण चित्रकाराच्या मनात काय होतं, हे त्याच्याच शब्दांत हवं असेल, तर मिलेचा मित्र विल्यम होल्मन हंट घ्या. त्याच वर्षी, त्याच भागात, त्यानं 'द हायरलिंग शेफर्ड' सुरू केलं. हे चित्र मँचेस्टरच्या कलादालनात आहे. मजुरीवरचा मेंढपाळ मेंढ्यांकडे पाठ करून एका मुलीशी लगट करतो आहे. त्याच्या हातात पाठीवर कवटीसारखी खूण असलेला पतंग आहे. मुलीच्या मांडीवर कोकरू, त्याच्यापुढे हिरवी सफरचंदं. मागे मेंढ्या पिकात शिरल्या आहेत. 1897 मध्ये हंटनं एका पत्रात अर्थ उलगडून सांगितला: हा मेंढपाळ म्हणजे आपला कळप वाऱ्यावर सोडून निरर्थक वाद घालणारे धर्मगुरू. आणि पुढे लिहिलं, पिकाची नासाडी होईल एवढंच नाही, ते खाऊन मेंढ्या मरतील, शेतकरी म्हणतात तशा 'फुगतील'.

हे मी एकदा गावाकडच्या शाळेत सांगत होते. भाषांतर करायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, 'पोटफुगी!' त्या मुलाच्या घरी शेळ्या होत्या. धर्मगुरूंचे वाद त्याला ठाऊक नव्हते, पण भरल्या पिकात शिरलेलं जनावर संध्याकाळपर्यंत कसं तडफडतं, हे त्यानं पाहिलेलं होतं. चित्रातलं संकट त्याला माझ्याआधी कळलं. हंटचं रूपक उभं आहे ते जनावराच्या पोटावर. मेंढीचं पोट खरं नसतं, तर धर्मगुरूंवरची टीकाही पोकळ राहिली असती.

या तरुणांनी 1848 मध्ये आपला गट बांधला, प्री-रॅफेलाइट ब्रदरहुड. त्याआधी 1843 मध्ये जॉन रस्किन या कलासमीक्षकानं लिहून ठेवलं होतं की तरुण चित्रकारानं निसर्गाकडे मनापासून जावं, काही नाकारू नये, काही निवडू नये. रस्किन आणि हंटसारख्यांची श्रद्धा होती की सृष्टी हीच देवानं लिहिलेली पोथी आहे. ही श्रद्धा ध्यानात घेतली की 'मुद्दाम की सहज' हा भेदच पातळ होतो. पोथीतलं अक्षर जसंच्या तसं उतरवायचं असतं, कारण अर्थ त्या अक्षरातच असतो. आपल्याकडे गणपतीला दूर्वा वाहताना आजी कोवळी, तीन पात्यांची जुडी निवडून घेते. तिला कुणी विचारत नाही की हे गवत आहे की खूण.

राहिला एक पुरावा, तोही मिलेचाच. हॉग्समिलमधून कुणीतरी पाणउंदीर पकडून आणला आणि मिलेनं तो ओफिलियाजवळ पोहताना रंगवला. नदीत होता, म्हणून चित्रात आला. डिसेंबरात हंटचे काका-काकू चित्र बघायला आले. त्यांना चित्रातलं सगळं ओळखू आलं, एवढा प्राणी सोडून. काकांनी आधी ससा म्हटलं, मग दुसऱ्या जातीचा ससा, मग कुत्रा की मांजर असंही काही निघालं. मिलेनं तो उंदीर काढून टाकला. नेटल राहिली, पॉपी राहिली, व्हायोलेटची माळ राहिली. त्या उंदराचा कच्चा आराखडा मात्र कॅनव्हासच्या वरच्या कोपऱ्यात अजून आहे, चौकटीच्या लाकडाखाली झाकलेला.