पाटीवरची शाळा

मुंबईत 'माध्यमिक शाळेत' जाणारा मुलगा मी अजून पाहिला नाही. शब्द सरकारी कागदावर आहे, पाटीवरही खाली बारीक अक्षरात असतो, पण मुलं जातात ती हायस्कूलला, नाहीतर थेट बालमोहनला, पार्ले टिळकला, छबिलदासला. दादरकडे तर शाळेचं नाव आडनावासारखं लावतात. लग्नाच्या पंगतीत दोन सत्तरीचे काका शेजारी बसले की जिलबी येईपर्यंत "म्हणजे तुम्ही किंग जॉर्जचे?" झालेलं असतं. त्या शाळेचं राजा शिवाजी विद्यालय होऊन जमाना झाला, तरी हिंदू कॉलनीतली जुनी मंडळी किंग जॉर्जच म्हणतात. इंग्लंडच्या राजाचं त्यांना काही पडलेलं नसतं, स्वतःचा बाक आठवत असतो बस.

मला शाळांच्या पाट्या वाचायची खोड आहे (बेस्टमध्ये खिडकी मिळाली आणि बस सिग्नलला अडकली की माणूस करणार तरी काय) आणि वाचून वाचून माझं मत असं झालंय की पाटीवरून आत काय शिकवतात ते कळत नाही, शाळा निघाली तेव्हा आईबापांना काय हवं होतं ते मात्र बरोब्बर कळतं. न्यू इंग्लिश स्कूलच घ्या ना. पुण्यात १८८० साली चिपळूणकर, टिळक वगैरे मंडळींनी काढली, मग महाराष्ट्रभर त्याच नावाच्या शाळा निघाल्या, आणि गंमत म्हणजे त्यातल्या कितीतरी चक्क मराठी माध्यमाच्या. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती फसवणूक झाल्यासारखी बघतात. पण तेव्हा मराठी चौथी झाली की पुढे 'इंग्रजी पहिली' सुरू व्हायची, ती इंग्रजी सातवीपर्यंत, म्हणजे मॅट्रिक. आजोबा "मी इंग्रजी तिसरीत असताना" म्हणायचे ते आपल्या हिशोबाने सातवीत असायचे. इंग्रजी शाळा म्हणजे पुढची शाळा, नोकरी मिळवून देणारी, एवढाच अर्थ.

मग वारं फिरलं. टिळक १९२० ला गेले आणि पुढच्याच वर्षी पार्ल्यात पार्ले टिळक विद्यालय उभं राहिलं. १९४० ला शिवाजी पार्कला दादासाहेब रेग्यांचं बालमोहन विद्या मंदिर. स्कूलची विद्यालयं झाली, विद्यामंदिरं झाली, ज्ञानमंदिरं झाली, आणि त्याच काळात शेजारच्या गल्लीतली एखादी आई मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालायचं म्हणून पैसे साठवत होती. कॉन्व्हेंट हा आमच्याकडचा सगळ्यात सैल प्रकार. आत एकही नन नसली, संस्थाचालक गिरगावातले कोकणस्थ असले, तरी टाय आणि इंग्रजी प्रार्थना असली की कॉन्व्हेंट. मध्ये लोंबकळणारी सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, हा तर खास आपला तोडगा आहे, आणि खरं सांगू का, मला तो बरा वाटतो.

सरकारला मात्र शाळेचा प्रकार एकाच गोष्टीवरून कळतो, पगार कोण देतं. अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित, आणि २०१२ च्या कायद्यापासून स्वयंअर्थसहाय्यित, जो शब्द एका दमात म्हणता आला तर शिक्षक म्हणून तिथेच नेमणूक द्यावी. मधे 'कायम विनाअनुदानित' असाही प्रकार होता. २००९ मध्ये त्यातला 'कायम' काढला, म्हणजे आता अनुदान मिळू शकतं, आणि मग वीस टक्के, चाळीस टक्के असे टप्पे, आणि त्या टप्प्यांसाठी आझाद मैदानावर बसलेले मास्तर. एक शब्द खोडला गेला आणि माणसं वर्षानुवर्षं मैदानात बसली, हे काही मला हसण्यावारी नेता येत नाही.

या सगळ्यात एकच प्रकार सरळ नावाचा, रात्रशाळा. बहुतेक वेळा इमारत तीच, सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी, आणि संध्याकाळी दिवे लागले की तिसरी. गिरणगावात मिलची पाळी संपवून माणसं यायची, आता कुरियरवाले, हॉटेलात काम करणारे, दुकानातली पोरं येतात. लहान मुलांच्या बाकात गुडघे मावत नाहीत, पहिल्या तासाला डुलक्या, पण दहावीची परीक्षा सगळ्यांसारखीच, बोर्डाची, त्यात रात्र म्हणून काही सूट नाही. आमच्या मजल्यावरचे एक काका असेच पास झाले होते, त्यांना कुणी शाळा विचारली की ते आधी पेपरात किती मार्क पडले ते सांगायचे.

आणि म्युनिसिपालटीची शाळा! हे नाव उच्चारताना आवाज खाली यायचा, म्हणून की काय महापालिकेने आता पाटी बदलली, मुंबई पब्लिक स्कूल. आता विलायतेत पब्लिक स्कूल म्हणजे ईटनसारख्या भरमसाट फीच्या खाजगी शाळा, आणि आपल्याकडच्या महागड्या शाळांनीही ते नाव त्याच रुबाबासाठी उचललेलं. महापालिकेलाही रुबाबच हवा होता, पण फी नसल्यामुळे पब्लिक, म्हणजे सगळ्यांची, हे नाव चुकून इथे खरं ठरलं. त्यातल्या सीबीएसई बोर्डाच्या शाळांना तर अर्ज इतके येतात की लॉटरी काढावी लागते.

बाकी नवीन टॉवरच्या खाली सगळं इंटरनॅशनल, ग्लोबल, वर्ल्ड अकॅडमी. मेहुणीच्या मुलासाठी मध्यंतरी अशा शाळा बघत होतो, फी ऐकून मी पाणी मागितलं. बोर्ड कुठलं विचारलं तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "सध्या स्टेट बोर्ड आहे सर, पण वातावरण इंटरनॅशनल आहे." मेहुणीने फॉर्म घेतला.