कॅटमाई : साल्मनच्या हंगामात अलास्काच्या अस्वलांकडे

अलास्काच्या नैर्ऋत्येला समुद्रात लांबवर गेलेले एक द्वीपकल्प आहे आणि त्याच्या मुळाशी कॅटमाई राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. क्षेत्रफळ सुमारे १६,००० चौरस किलोमीटर, तपकिरी अस्वलांची संख्या अंदाजे २,२०० आणि बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता एकही नाही. अमेरिकेत मुलांकडे उन्हाळ्यात राहायला येणारी आपली मंडळी अलास्काला सहसा जहाजाच्या सहलीने जाऊन येतात. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत आणि ज्यांना गैरसोयीचे फारसे वावडे नाही, त्यांनी तेवढ्याच खर्चात कॅटमाईचा विचार करावा, असे माझे मत आहे. मात्र सकाळी येऊन संध्याकाळी परतण्याच्या बेताने येथे येऊ नये. निदान दोन रात्री मुक्काम ठेवावा. त्याचे कारण पुढे येईलच.

सिअॅटलहून अँकोरेज, तेथून विमानानेच किंग साल्मन हे छोटे गाव आणि पुढे पाण्यावर उतरणारे लहान विमान किंवा बोट, असा प्रवासाचा क्रम आहे. लहान विमानात सामानाबरोबर प्रवाशाचेही वजन विचारात घेतले जाते, म्हणून कडक सूटकेसऐवजी मऊ पिशव्या आणाव्यात. धुके खाली आले की विमाने उडत नाहीत, आणि त्यावर कोणाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आम्हीही किंग साल्मनला चहा पीत आभाळाकडे पाहत बसलो होतो. अस्वलांना पळवणारा मिरचीचा फवारा प्रवासी विमानातून नेता येत नाही. तो हवाच असेल तर शेवटच्या टप्प्यावर घ्यावा आणि लहान विमानाच्या वैमानिकाला तसे आधी सांगावे.

नॅकनेक सरोवराच्या काठावर विमान टेकले की लॉज आणि तंबूंची जागा असलेला ब्रुक्स कॅम्प येतो. येथे पहिले काम म्हणजे रेंजरच्या, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाच्या, वर्गात बसणे. त्यातून कोणालाही सूट नाही. अस्वलापासून किमान ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर दूर राहायचे, पायवाटेवर बोलत किंवा टाळ्या वाजवत चालायचे, पळायचे नाही आणि पिशवी क्षणभरही जमिनीवर सोडून जायचे नाही. अस्वल वाटेवर आले तर वाट त्याची. आपण बाजूला व्हायचे. एखादे अस्वल ब्रुक्स नदीवरच्या पुलाच्या जवळ झोपले तर सगळी माणसे ते उठेपर्यंत खोळंबतात. २०१९ साली उंच पूल झाल्यापासून हा खोळंबा कमी झाला आहे, पण संपलेला नाही.

खाण्याचे नियम आपल्या मंडळींनी विशेष लक्षपूर्वक ऐकावेत. तंबूंच्या जागेला विजेचे कुंपण आहे, तरीही तंबूत खाण्याचा कणही ठेवता येत नाही. वास येणारी प्रत्येक वस्तू, अगदी टूथपेस्ट आणि हातापायांना लावायचे मलमसुद्धा, शिध्याच्या बंदिस्त कोठीत ठेवावी लागते आणि खाणे नेमून दिलेल्या जागीच होते. आमच्याबरोबर दशम्या आणि लसणाची चटणी होती. चटणीचा डबा घट्ट झाकणाचा असूनही त्याचा दरवळ पिशवीबाहेर येत होता, तेव्हा त्याला दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून कोठीत बसवले. शाकाहारी माणसाने असा कोरडा शिधा आणणे सोयीचेच आहे. लॉजच्या भोजनगृहात पैसे भरून बाहेरच्यांनाही जेवता येते, पण रोज तेथे जेवणे खिशाला झेपणारे नाही.

आता धबधब्याविषयी. ब्रुक्स नदी जेमतेम अडीच किलोमीटर लांब. दोन सरोवरांना जोडणारी. तिच्या मध्यावर माणसाच्या उंचीचा एक धबधबा आहे आणि समुद्रातून ब्रिस्टल उपसागरमार्गे परतणाऱ्या सॉकाय जातीच्या साल्मन माशांना अंडी घालण्यासाठी तो उडी मारून पार करावा लागतो. या अडथळ्यामुळेच जुलैमध्ये अस्वले येथे गोळा होतात. धबधब्याच्या ओठावर उभे असलेले अस्वल मासा हेरून त्याच्यावर झेप घेत नाही. ते मान खाली घालून स्तब्ध उभे राहते आणि मासा स्वतःहून त्याच्या जबड्याच्या टप्प्यात येतो. खालच्या फेसाळ डोहात दुसरे अस्वल छातीभर पाण्यात बसून पंजांनी तळ चाचपत असते. कोणी कोठे उभे राहायचे याचे मानपान ठरलेले असते, आणि मोठा नर आला की धाकटी अस्वले मुकाट्याने जागा सोडतात. मासे मुबलक असले की अस्वल पंजाखाली मासा दाबून धरते, त्याची कातडी दातांनी सोलून काढते, अंडी आणि मेंदू खाते आणि उरलेले मांस सोडून देते. ते सीगल पक्षी उचलतात. चरबी जेथे जास्त, तेवढेच खाण्याचा हा हिशेब आहे. हिवाळ्यातील झोपेत अस्वलाचे वजन एक तृतीयांशापर्यंत घटू शकते.

हे सर्व लाकडी मचाणांवरून पाहायचे असते. धबधब्याजवळच्या मचाणावर एका वेळी ४० माणसे आणि गर्दीच्या दिवसांत प्रत्येकाला एक तास, असा नियम आहे. रेंजरकडे नाव नोंदवून जवळच्या दुसऱ्या मचाणावर थांबावे लागते. एका दिवसासाठी आलेल्यांची विमाने दुपारी परत निघतात आणि मग गर्दी ओसरते. जुलैमध्ये रात्री उशिरापर्यंत उजेड असतो. धबधब्याची वाट रात्री १० ते सकाळी ७ बंद असते, पण संध्याकाळचे ते मोकळे तास आणि सकाळी सातचा सुमार फक्त मुक्कामी असलेल्यांच्या वाट्याला येतो. मुक्कामाचा माझा आग्रह याचसाठी. ऑगस्टमध्ये मासे वरच्या प्रवाहांत पांगतात आणि अस्वलेही इकडून तिकडे जातात, म्हणून तो महिना टाळावा. सप्टेंबरमध्ये मरू घातलेल्या माशांसाठी अस्वले नदीच्या खालच्या भागात परत येतात आणि तोवर ती चांगलीच गरगरीत झालेली असतात. इंटरनेटवर दर शरद ऋतूत सर्वांत लठ्ठ अस्वलासाठी जे मतदान होते, ते याच नदीवरच्या अस्वलांचे.

मुक्कामाची जागा मिळवणे हाच या प्रवासातील सर्वांत कठीण भाग. लॉजच्या खोल्या सोडतीने मिळतात आणि ती सोडत हंगामाच्या फार आधी निघते. तंबूंच्या जागेत फक्त ६० माणसांची सोय आहे. तिचे आरक्षण जानेवारीत उघडते आणि जुलैच्या तारखा बघता बघता संपतात. त्या दिवशी घरातील दोघातिघांनी वेगवेगळ्या संगणकांवर बसावे. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही. पैसा जातो तो विमानांवर.

बहुतेक लोक अस्वले पाहून परततात, आणि ते मला पटत नाही, कारण हे उद्यान मुळात अस्वलांसाठी झालेलेच नाही. ६ जून १९१२ रोजी येथे नोव्हारुप्ता ज्वालामुखीचा उद्रेक झाला. तो साधारण ६० तास चालला आणि आकारमानाने विसाव्या शतकातील सर्वांत मोठा ठरला. दीडशे किलोमीटरहून दूर असलेल्या कोडिअॅक बेटावर भरदिवसा अंधार झाला. शेजारच्या कॅटमाई पर्वताचे शिखर खचल्यामुळे उद्रेक त्याचाच, असे पुढे कित्येक वर्षे मानले गेले. १९१६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रिग्ज यांनी राखेने भरलेल्या दरीत असंख्य ठिकाणांहून वाफ निघताना पाहिली आणि तिला ‘दहा हजार धुरांची दरी’ असे नाव दिले. १९१८ मध्ये हा प्रदेश संरक्षित झाला, तो या दरीमुळे. धूर आता विझले आहेत.

ब्रुक्स कॅम्पवरून सुमारे ३७ किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याने, ओढे ओलांडत, एक बस सकाळी दरीकडे जाते. वरच्या सज्जावरून खाली फिकट गुलाबी आणि पिवळसर राखेचे सपाट पठार दिसते आणि त्यात नद्यांनी कापलेल्या खोल, सरळसोट घळी. आपला सह्याद्री पातळ लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला. येथे राख आणि प्युमिस दगड तापलेल्या लोंढ्यासारखे येऊन दरीत काही ठिकाणी २०० मीटरपर्यंत साठले, आणि हा भुसभुशीत थर कापायला पाण्याला शंभर वर्षे पुरली. हातात घेतलेला प्युमिसचा दगड इतका हलका असतो की तो पाण्यावर तरंगतो. तळापर्यंतची पायवाट साधारण ३०० मीटर खाली उतरते. उतरणे सोपे, चढताना मात्र दम निघतो. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी सज्जावरच थांबावे.

पावसाचे चांगले कपडे, पाण्यात चालणारे बूट आणि डोक्यावरून घ्यायची डासांची जाळी या तीन वस्तूंवर पैसे वाचवू नयेत. भर उन्हाळ्यातही थंडी असते, तेव्हा लोकरीचे काही तरी जवळ असावे. ड्रोन घरीच ठेवावा, राष्ट्रीय उद्यानात त्याला बंदी आहे. परतीच्या वाटेवर किंग साल्मन आणि पुढचे मोठे विमान यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा आणि त्या रात्रीची अँकोरेजची खोली रद्द करता येण्याजोगी घ्यावी.