एकशे अठ्ठ्याऐंशीव्या रस्त्यावरची बोट

"मामा, त्या बोटींच्या कारखान्यांच्या जागी आता सगळे फ्लॅट झालेत. बघायला काही उरलं नाही," गौरी आदल्या रात्रीच म्हणाली होती. मी म्हटलं, "फ्लॅट तर फ्लॅट. रस्ता तर आहे ना? मागचा कालवा तर कुणी बुजवला नाही?" तिने फोनवर नकाशा उघडला. कालवा होता. मग सकाळी लवकर निघायचं ठरलं.

फोर्ट लॉडरडेलहून दक्षिणेला मायामीच्या दिशेनं निघालं की अ‍ॅव्हेंचुरा लागतं. मोठाले मॉल, उंच इमारती, गोल्फची हिरवळ. तिथं मला बघायचा होता एकच रस्ता, ईशान्य १८८वा. मायामीत रस्त्यांना नावांपेक्षा आकडेच जास्त. शहराच्या मध्यावर एक चौक धरायचा आणि तिथून चारी दिशांना मोजत जायचं. त्या हिशेबानं हा उत्तरेकडचा एकशे अठ्ठ्याऐंशीवा, मुख्य बिस्केन बुलेव्हार्डवरून समुद्राकडे वळणारा. वेगवान बोटींच्या जगात याला 'थंडरबोट रो' म्हणतात. डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट, बोटींची ही तिन्ही नावं या एका लहानशा रस्त्यावर मोठी झाली. तिन्ही एकाच माणसानं काढलेली.

मी तीसेक वर्षं भोसरीत फायबरचं काम केलं. पाण्याच्या टाक्या, बसचे पुढचे शो, आणि नंतर तलावावरच्या पेडल बोटी. आमच्या शेडमध्ये साच्यांच्या मागच्या भिंतीवर एका परदेशी मासिकातलं पान चिकटवलेलं होतं. लांब, निमुळती, अर्धी हवेत उचललेली बोट. खाली नाव, सिगारेट. रेझिनच्या, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवाच्या, वाफेनं त्या पानाचा निळा रंग पिवळट पडला तरी मी ते काढलं नाही. फायबरच्या मालावर लाट आदळते तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून त्या बोटीचा तळ बघून मला नेहमी एकच प्रश्न पडायचा, हे ज्यांनी हातानं रोलर फिरवून बनवलं ती शेड कशी असेल?

गाडी वळली आणि रस्ता दिसला. दोन्ही बाजूंना बाल्कन्यांच्या इमारती, खाली पार्किंग, नीट कापलेलं कुंपण. फार लांब नाही, पुढे रस्ता संपतोच. आम्ही गाडी लावून चालत गेलो. दोन इमारतींमधल्या फटीतून मागे कालवा दिसला, हिरवट, संथ. काठाच्या काँक्रीटवर घोरपडीएवढा इग्वाना उन्हात पडला होता. फ्लॅटवाल्यांच्या बोटी बांधलेल्या होत्या. हा कालवा पुढे डमफाउंडलिंग बे या खाडीला मिळतो, आणि तिथून दक्षिणेला गेलं की हॉलोव्हरच्या तोंडातून थेट अटलांटिक.

तिथं उभं राहिल्यावर मला जागेचं गणित कळलं. कारखान्याची पुढची बाजू रस्त्यावर, मागची पाण्यावर. पुढून रेझिनचे पिंप आणि इंजिनं यायची, मागून तयार बोट पाण्यात उतरायची. थोड्या वेळात ती समुद्रावर, लाटांवर आपटून बघायला तयार. काही बिघडलं तर त्याच दुपारी परत शेडमध्ये. बनवणारा आणि चालवून बघणारा एकच माणूस असेल, तर यापेक्षा चांगली जागा नाही.

तो माणूस म्हणजे डॉन अ‍ॅरोनॉ. जन्म १९२७, ब्रुकलिनचा. न्यू जर्सीत बांधकामाच्या धंद्यात भरपूर कमावलं आणि १९५९ साली, बत्तिशीत, फ्लोरिडाला आला. समुद्रातल्या शर्यतींचा नाद लागला. १९६२ साली त्यानं फॉर्म्युला हे नाव काढलं आणि लवकरच ते विकलं. मग डॉन्झी काढली, विकली. मग मॅग्नम काढली, विकली. मग सिगारेट. धंदा विकायचा, आणि नव्या मालकानं जुन्या शेडचं कुलूप उघडायच्या आत शेजारी नवी शेड टाकून आधीपेक्षा वेगवान बोट काढायची. स्वतःच्याच जुन्या बोटींशी स्पर्धा. १९६७ आणि १९६९ अशी दोनदा त्यानं समुद्री शर्यतींची जागतिक स्पर्धा जिंकली.

त्याआधी १९६०मध्ये मायामी ते नासाऊ ही शर्यत डिक बर्ट्राम यांच्या 'मॉपी' नावाच्या बोटीनं जिंकली होती. तिचा तळ रे हंट यांनी आखलेला, खोल 'व्ही'चा. सपाट तळाची बोट लाटेवर थापी मारल्यासारखी आदळते. खोल व्हीचा तळ लाट चिरत खाली जातो आणि धक्का हळूहळू घेतो. त्यासाठी जास्त ताकदीचं इंजिन लागतं, पण उसळत्या समुद्रात वेग टिकतो. १८८व्या रस्त्यावरून निघालेल्या बोटी याच तळाच्या वंशातल्या.

सिगारेट या नावाची गोष्टही सांगायलाच हवी. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर 'सिगारेट' नावाची एक वेगवान बोट होती, दारू चोरून आणणाऱ्यांनाच वाटेत लुटणारी. ब्रुकलिनच्या मुलांच्या कानावर तिच्या गोष्टी पडायच्या, आणि ते नाव अ‍ॅरोनॉच्या डोक्यात राहिलं. १९६९ साली त्यानं शर्यतीला आणलेली ३२ फुटी 'द सिगारेट' मात्र त्याच्या स्वतःच्या कारखान्यातली नव्हती. मॅग्नम विकताना काही काळ बोटी बनवण्याच्या धंद्यात स्पर्धा करणार नाही असा करार झालेला होता, म्हणून ती बोट एल्टन कॅरी यांच्या कारखान्यातून आली. सिगारेटची पहिली बोट दुसऱ्याच्या साच्यातली! हे वाचल्यापासून मला 'कुठे बनली' हा प्रश्न अधिकच छळायला लागला होता.

पुढे याच रस्त्यावरून सिगारेट जगभर गेल्या. थोरले जॉर्ज बुश यांची 'फिडेलिटी' ही २८ फुटी सिगारेट होती, ते ती मेन राज्यातल्या किनाऱ्यावर स्वतः चालवायचे. याच बोटी चोरट्या मालाची ने-आण करणाऱ्यांनीही घेतल्या, आणि त्यांना पकडायला अमेरिकेच्या कस्टम्स खात्यानं अ‍ॅरोनॉकडूनच ३९ फुटी 'ब्लू थंडर' बनवून घेतल्या. सिगारेट कंपनी त्यानं १९८२ साली विकली. ३ फेब्रुवारी १९८७ रोजी याच रस्त्यावर, स्वतःच्या गाडीत बसलेला असताना, त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वय ५९. आम्ही उभे होतो तिथं दोन लहान मुलं सायकल शिकत होती. गौरीला ही हकीकत मी गाडीत बसल्यावर सांगितली.

पाखरं उडाली तशी नावं या रस्त्यावरून उडाली. फॉर्म्युला तर समुद्रापासून कोसो दूर, इंडियाना राज्यातल्या डिकेटर गावी गेली. डॉन्झी आधी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सारासोटाच्या बाजूला आणि मग नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉशिंग्टन गावाला. मॅग्नम बरीच वर्षं इथंच चिकटून राहिली. जागेचे भाव चढले, १९९५ साली अ‍ॅव्हेंचुरा स्वतंत्र शहर झालं, आणि पाण्याकाठच्या जमिनीवर रेझिनच्या शेडपेक्षा फ्लॅट परवडायला लागले. सिगारेट गेली ती ओपा-लोकाला.

आम्हीही तिकडेच निघालो. अंतर फार नाही, अर्ध्या तासाचं, पण गाव एकदम वेगळं. विमानांमध्ये नाव कमावलेल्या ग्लेन कर्टिस यांनी १९२६ साली अरबी सुरस कथांच्या धर्तीवर हे गाव वसवलं. नगरपालिकेच्या इमारतीला घुमट आणि मिनार. रस्त्यांची नावं अलीबाबा, अल्लादिन, सिंदबाद, शहरजाद. गौरी एकेक पाटी मोठ्यानं वाचत होती. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मोठं वादळ झालं आणि कर्टिस यांचं स्वप्न तिथंच अडखळलं. आज घुमटांच्या पलीकडे गोदामं, गॅरेज, ट्रकचे अड्डे. मला हे गाव फार आवडलं. कामाचं गाव आहे.

कारखाना विमानतळाच्या दक्षिणेला, औद्योगिक शेडच्या रांगेत. जवळपास समुद्राचा मागमूस नाही. आधी विचारून वेळ घेतलेली नव्हती, म्हणून आत जायचा आग्रह धरला नाही. कुणाच्या चालू कामात असं शिरू नये. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. वारा आमच्याकडे होता आणि त्याबरोबर तो वास आला. रेझिनमधल्या स्टायरीनचा. गोडसर, डोक्यात जाणारा. गौरीनं नाकाला ओढणी लावली. मी दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहिलो. भोसरीतली सकाळची पाळी आठवली.

"मामा, समुद्र नाही तर बोट नेतात कशी?" तिनं विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. सिगारेटची ३८ फुटी टॉप गन जेमतेम आठ फूट रुंद. इथल्या रस्त्यांवर साडेआठ फुटांपर्यंतची गाडी खास परवान्याशिवाय चालते. लांब पण अरुंद बोट ट्रेलरवर चढवली की ती हायवेनं कुठेही जाते. शर्यतीसाठी अरुंद ठेवलेली बोटच कारखान्याला पाण्यापासून सोडवून घेऊन गेली, असं मला त्या क्षणी वाटलं. आता त्यांच्या ५९ फुटी बोटीवर मागे सहा-सहा इंजिनं लागतात. तिची गोष्ट वेगळी, तिला रस्त्यावर काढायचं म्हणजे खास परवाना.

पण मशीन, ऑफिस, पाटी हलवणं म्हणजे कारखाना हलवणं नव्हे. फायबरच्या धंद्यात हलतो तो साचा. साचा म्हणजे बोटीचं उलटं अंग. त्याला आतून मेण घासून घासून आरशासारखं करायचं. मग जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा रंगाचा थर. आणि इथं काम उलट्या क्रमानं चालतं. बोटीवर सगळ्यात वर दिसणारा लाल पट्टा साच्यात सगळ्यात आधी मारायचा. टेप लावायची, रंग मारायचा, टेप काढायची, पुढचा रंग. मग काचेच्या धाग्यांची मॅट, विणलेला कपडा, रेझिन, आणि रोलरनं एकेक बुडबुडा बाहेर काढायचा. घाई केली की कपड्याची वीण उन्हात जेलकोटमधून वर दिसायला लागते. पाचर ठोकून, हवा सोडून माल साच्यातून सुटतो तेव्हा 'चट्ट' असा आवाज येतो. तो आवाज ऐकायला शेडमधला प्रत्येक जण हातातलं काम थांबवतो.

आम्ही एकदा पेडल बोटींचे साचे भोसरीतून चाकणला हलवले. टेम्पोतून उतरवले आणि मी पाण्याची नळी लावून लेव्हल बघायचं राहू दिलं. पहिले तीन माल निघाले ते पिळलेले. एक कोपरा अर्धा इंच वर. साचा तोच, रेझिन तेच, माणसं तीच. बदललेली फक्त खालची जमीन. ते तीन माल मी फोडून टाकले. टॉप गन १८८व्या रस्त्यावर बनत होती आणि ओपा-लोकालाही बनत राहिली, म्हणजे तिचे साचे असेच ट्रेलरवर चढून आले असणार. ३८ फुटांचा साचा नव्या जमिनीवर ठेवून ज्या कुणी त्याची लेव्हल लावली असेल, त्याची ती रात्र मी ओळखतो.

दुपारी हॉलोव्हरला गेलो. तिथं समुद्राकडे जाणारं अरुंद तोंड आहे, ओहोटीच्या पाण्यासमोर पूर्वेचा वारा आला की लाटा उभ्या राहतात. रॅम्पवर ट्रेलरांची रांग. त्यातच एक जुनी पांढरी-लाल टॉप गन, तीन आसांच्या ट्रेलरवर. मालक वयस्कर गृहस्थ होते. गौरीनं त्यांना सांगितलं की माझे मामा फायबरवाले आहेत आणि त्यांना फक्त मागची बाजू बघायची आहे. ते हसले आणि स्वतःच बाजूला झाले.

अमेरिकेत १९७२च्या नोव्हेंबरपासून बनलेल्या प्रत्येक बोटीच्या मागच्या भिंतीवर, उजवीकडे वर, बारा अक्षरांचा नंबर असतो. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, मग पाच बोटीच्या अनुक्रमाची, शेवटची चार महिन्याची आणि वर्षाची. मी बोटानं मेणाचा थर पुसला. शेवटी सी ३९३. सी म्हणजे तिसरा महिना. मार्च १९९३. कुणी बनवली ते होतं, कधी बनवली ते होतं. कुठे बनवली यासाठी बारापैकी एकही अक्षर नाही.

"त्र्याण्णव म्हणजे मामा..." गौरी म्हणाली.

"सकाळचा रस्ता. मागे कालवा होता ना, तिथली."

तळाखालून हात फिरवला. व्हीच्या कडेनं जाणाऱ्या पट्ट्या अजून धारदार होत्या. इतकी वर्षं खारं पाणी आणि फ्लोरिडाचं ऊन खाऊनही कपड्याची वीण कुठे वर आली नव्हती. मी मान तिरकी करून प्रकाशात नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं. एका जागी, पाठीच्या कोपऱ्याजवळ, नखाएवढी एक उंचवट्याची रेष होती. साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथली, घासायची राहून गेलेली. त्या मार्चमध्ये त्या रस्त्यावर कुणीतरी इथं हात फिरवला होता आणि पुढच्या कामाला लागला होता.

गृहस्थांनी ट्रेलर मागे घेतला. बोट पाण्यात उतरली, इंजिनं सुरू झाली तशी रॅम्पचं काँक्रीट पायाखाली थरथरलं. तोंडाशी पहिल्या उभ्या लाटेवर ती चढली आणि तळ पूर्ण दिसला, लाल पट्ट्यापासून मधल्या धारेपर्यंत. मग ती खाली आली. आदळण्याचा आवाज आलाच नाही, नुसतं पाणी दोन्ही बाजूंना फाकलं.