तुम्ही विचारलंत म्हणून : लेकरांच्या हाती फोन

पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो : मॅडम, मुलांना फोनपासून दूर ठेवायचे सोडून तुम्ही वर्गात तो वापरायला का शिकवता? यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात हा प्रश्न काळजीपोटी विचारला जातो, हे मी जाणते. म्हणून सविस्तर उत्तर देते.

इथल्या बऱ्याच घरांत फोन बापाच्या खिशात असला, तरी तो चालवते सातवी-आठवीतले लेकरू. ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे पिकाची सरकारी अॅपवर नोंद करण्यासाठी, बांधावर उभे राहून कपाशीचा फोटो काढणारे तेच आणि शेतकऱ्यांना पैसे देणाऱ्या पीएम किसान योजनेच्या ई-केवायसीसाठी (ओळख पडताळणीसाठी) आलेला ओटीपी वाचून सांगणारेही तेच. फोनला हात लावू नको, असे आपण त्याला सकाळी बजावतो आणि संध्याकाळी त्यालाच हाक मारतो.

गेल्या खरिपात गावच्या ग्रुपवर पीएम किसानच्या यादीच्या नावाने एक फाइल फिरली. आठवीतल्या एका मुलीने ती मला दाखवली, तेव्हा मी फाइलचे पूर्ण नाव फळ्यावर लिहिले आणि शेवटची तीन अक्षरे वाचायला सांगितली : ए, पी, के. यादी असती तर ती अशी आली नसती. ही अक्षरे अॅपच्या फाइलची, म्हणजे हे अॅप होते. असले अॅप फोनमध्ये बसताना संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे पोहोचू शकतो. "मॅडम, आपून सांगतलाच नाई तरी ओटीपी जाते काय?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. जातो. म्हणूनच 'ओटीपी कुणाला सांगू नका' एवढे पाठ करून घेणे मला अपुरे वाटते.

त्या मुलीने ती फाइल आदल्या रात्रीच तीन नातेवाइकांना पाठवली होती. मधल्या सुट्टीत माझ्या फोनवरून तिने तिघांनाही फोन लावले. दारव्ह्याच्या मामांनी फाइल उघडली होती. आधी नेट बंद करा, मग अॅप काढा आणि बँकेत जाऊन या, असे तिने त्यांना एकेक करून सांगितले. बोलताना तिचा आवाज कापत होता, पण "मीच पाठवली होती, मामा" हे वाक्य तिने टाळले नाही. जबाबदारी शिकवायची म्हणजे मला हेच शिकवायचे असते.

वर्गाच्या भिंतीवर आम्ही 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. तक्रार लवकर झाली, तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. मात्र लेकरू मार खाण्याच्या भीतीने दोन दिवस गप्प राहिले, तर तो क्रमांक फारसा उपयोगी पडत नाही. तेव्हा माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे : "बाबा, माझ्याकडून चुकीचे बटण दाबले गेले" असे त्याने सांगितले, तर त्या क्षणी हात उगारू नका, आधी त्याच्यासोबत बसून फोन लावा.