राणी नाही दिसली, अंडी दिसली

चोपडा तालुका, माघ महिना

ऊन चढेपर्यंत मधमाश्यांच्या पेट्यांना हात लावला नाही. रात्रीचा गारठा अजून हटत नाही, आणि थंडीत झाकण काढलं की अळ्या गारठतात. माश्या शेजारच्या कांदा बियाण्याच्या प्लॉटकडे निघाल्या, तेव्हा गोवरी आणि गोणपाटाचा तुकडा पेटवून धूर केला.

तिन्ही पेट्या मेलिफेरा या परदेशी जातीच्या मधमाश्यांच्या, राण्या पिंजऱ्यातून दिलेल्या. पिंजऱ्याच्या तोंडाशी पिठीसाखरेचा गोळा असतो. माश्या तो कुरतडून राणीला मोकळी करतात, तोवर तिचा वास त्यांच्या ओळखीचा होतो. घाईने सोडलेली राणी परकी म्हणून मारलीही जाते.

पहिल्या पेटीत राणी लगेच दिसली. पाठीवर निळा ठिपका. ५ किंवा ० ने संपणाऱ्या वर्षातल्या राणीला निळा, असा जगभरचा संकेत आहे. ही २०२५ची.

दुसऱ्या पेटीत पोळ्याच्या सगळ्या चौकटी उलटसुलट पाहिल्या. आबा बांधावरून ओरडले, "राणी दिखनी का व?"

"नही दिखनी, आबा."

मग सूर्याकडे पाठ करून चौकट तिरपी धरली. घरांच्या तळाशी अंडी, त्यातली काही सरळ उभी. अंडं पहिल्या दिवशी उभं असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होऊन त्यातून अळी निघते. म्हणजे राणी कालपर्यंत तरी इथेच होती. मग तिच्या दर्शनासाठी पेटी उघडी ठेवायची कशाला? एका घरात एकच अंडं आहे ना, एवढं मात्र नीट बघितलं. बरेच दिवस राणी नसली तर कामकरी माश्याच अंडी घालू लागतात. तेव्हा एकेका घरात दोन-चार पडतात, भिंतींनाही चिकटतात, आणि निघतात फक्त नर.

तारेवर माश्या टिपणारे वेडे राघू बसलेत. हाकलून उपयोग नाही.

तिसरीचं झाकण काढताच गलका वेगळा वाटला. पिंजरा रिकामा, अंडं एकही नाही, नवी राणी वाढवायचं मोठं घर, म्हणजे राणीघरही नाही. पहिलीतली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट, माश्या झटकून, तिच्यात लावली. राणी नसेल तर त्यातल्याच अळ्यांवर राणीघरं बांधतील, असेल तर बांधणार नाहीत. तीन-चार दिवसांत कळेल. बांधली तरी नवी राणी जन्मून, उडून, नरांशी मिलन होऊन अंडी घालेपर्यंत महिनाभर जाणार, तोवर कांद्याचा फुलोरा ओसरेल. विकतची राणी लवकर कामाला लागेल, पण आत जुनी जिवंत असली तर पैसे आणि राणी दोन्ही वाया. म्हणून आधी चौकट बघणार.

घरी जाताना शेजारच्या काकांना फवारणी संध्याकाळी करायला सांगितलं. हो म्हणाले. पण फुलकिडे वाढले तर वेळ बघणार नाही, हेही बोलले. तसं झालं तर आदल्या रात्रीच पेट्यांच्या दारांना जाळी लावावी लागेल.