आकाशातला केस

१४ डिसेंबर, रविवार. वेंगुर्ला

सकाळपासून मनीशी बोलणं बंद आहे. तिला त्याचं सोयरसुतक नाही. पडवीतल्या झोपाळ्यावर उन्हात पसरली आहे.

काल रात्री रापणीचा रोल स्कॅन केला. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर दोन रांगा करून जाळं ओढणारी माणसं, मागे कोवळं ऊन. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत आकाशात उजवीकडे एक काळी, वाकडी रेघ. प्रत्येक वेळी तीच, त्याच जागी. शिवाय नऊ-दहा फोटोंत पांढरे तंतू, ते मात्र कुठेही. एक कुणाच्या टोपीवर, एक थेट पोटरीवर.

आईने चष्मा वर करून पाहिलं. "माका तर ती रापणीची दोरीच वाटता."

२४ × ३६ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर अर्ध्या सेंटिमीटरचा केस डोळ्याला जेमतेम दिसतो. ८ × १० इंची प्रिंट काढली की तोच चार सेंटिमीटरांहून लांब होतो. दोरी वाटणारच.

पांढऱ्या-काळ्याचा हिशोब मात्र सरळ आहे. धुऊन झालेल्या निगेटिव्हवर केस बसला, तर स्कॅनरचा उजेड तिथे अडतो आणि फोटोत पांढरी रेघ येते. फोटो काढतानाच केस फिल्मच्या पुढ्यात असेल, तर तेवढ्या जागी फिल्मला उजेड लागतच नाही. निगेटिव्ह तिथे पारदर्शक राहते, फोटोत काळी रेघ. मनी स्वतः पांढरी-पिवळी आहे, पण तिच्या रंगाला इथे कोण विचारतो!

पांढऱ्यांचा दोष माझा. फिल्म वाळवायला न्हाणीघरासारखी जागा नाही. आधी बंबातलं कढत पाणी ओतून वाफ करायची, हवेतली धूळ आणि केस खाली बसू द्यायचे, मग वर दोरीला फिल्म टांगून खाली चिमट्याचं वजन लावायचं. दाराच्या फटीला ओला फडका. मीही तेव्हा उघडाच असतो, कमरेला ओला पंचा. मनी दिवसभर ज्या सदऱ्याला अंग घासते, तो घालून आत गेलं तर दार लावण्याला अर्थ नाही. शुक्रवारी हे सगळं नीट केलं होतं. पण तासाभरात बाहेरून हाक आली, "माका न्हावचा आसा, किती येळ ता लटकत ठेवतलस?" अर्धवट ओली फिल्म माजघरात आणली, तीही पंख्याखाली. फिल्मवरचा जिलेटिनचा थर ओला असला की फणसाचा चीक. त्यावर टेकलेला केस वाळला की तिथेच रुततो.

त्या पट्ट्या आज परत भिजवल्या. आमच्या विहिरीच्या पाण्याचे डाग राहतात, म्हणून शेवटची बुचकळी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात, पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून वेटिंग एजंटचे दोन थेंब टाकून. बोटांत धरून पाणी निपटायचा मोह होतो, तो मी आता सोडला आहे. बोटांमध्ये एक केस किंवा वाळूचा एक कण असला तर फिल्मभर सरळ ओरखडा. पाणी आपसूक उतरू द्यायचं. बहुतेक केस निघाले. टोपीवरचा निघाला, पण जिलेटिनमध्ये त्याची चरी राहिली. वाळलेली फिल्म सुक्या कापडाने पुसणं तर उलटंच पडतं. घासल्याने वीज भरते आणि ती आणखी केस ओढून घेते. रबरी फुंकणी बरी. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे शिंतोडे.

स्कॅनरमध्ये धूळ आपोआप पुसायची इन्फ्रारेड सोय आहे. ती रंगीत फिल्मसाठी. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडही अडवते, त्यामुळे यंत्राला माणसांचे चेहरेच कचरा वाटतात.

काळ्या रेघेने मात्र छळलं. मी शंभर फुटी रोल आणतो आणि काळ्या पिशवीत हात घालून रिकाम्या डब्यांत फिल्म भरतो. दुपारी ती पिशवी उलटी केली. बाह्यांच्या इलॅस्टिकपाशी आणि तळाच्या शिवणीत केसांचा चक्क नमदा जमला होता. बाहीतून आत शिरून मनी कधीपासून तिथे झोपते आहे, देव जाणे. पावसाळ्यात मी पिशवी वापरलीच नव्हती. डब्याच्या तोंडाशी उजेड अडवायला मखमल असते. केस त्या मखमलीला चिकटला आणि फिल्मबरोबर खेचला जाऊन कॅमेऱ्याच्या चौकटीत अडकला, दुसरी वाट मला तरी सुचत नाही. पिशवी उलटी करूनच धुतली आणि दोरीवर टाकली. यापुढे ती पत्र्याच्या ट्रंकेत, वर कडी.

भिंगातून प्रतिमा उलटी पडते. म्हणजे आकाशात उजवीकडे दिसणारा केस मागून पाहिल्यावर चौकटीच्या खालच्या कडेला, डावीकडे असणार. फुंकणीच्या एका दाबाचं काम. पण परवाच मी दुसरा रोल घातला, तोही त्याच पिशवीत भरलेला. पंचवीस फोटो काढून झालेत, अकरा बाकी. कॅमेऱ्याची पाठ उघडली तर काढलेले फोटो जातील.

संध्याकाळी अंगणात एक युक्ती करून पाहिली. कॅमेरा उलटा धरला की केस फोटोच्या खालच्या कडेला जातो. तिथे जाळं, ओली वाळू, माडाची सावली असं काही काळपट ठेवलं तर काळी रेघ त्यात मुरून जाईल. शटरचं बटण मात्र डाव्या अंगठ्याने खालून दाबावं लागतं. तसा उभा असताना आई वाटीत मनीचं दूध घेऊन आली, थोडा वेळ बघत राहिली आणि काही न विचारता आत गेली.

उद्या पहाटे पाचला सागरेश्वर. अकरा फोटो, सगळे उलटे.